चित्ता, एडका आणि झेंडूची पाटी

आमच्या खाडीकाठच्या माणसाला समुद्राचं भय नसतं, पण घाट म्हटला की तो आधी देवाला नारळ ठेवतो. घाटावरून उतरलेला गूळ आणि मिरच्या माझ्या तरीवरून पलीकडे पोचवण्यात माझं आयुष्य गेलं, पण तो गूळ येतो कुठून हे पाहायला मी कधी गेलो नव्हतो. यंदा गेलो. लेक तिकडे दिली आहे, म्हणून गेलो. परत आल्यापासून होडीत बसणारा प्रत्येक जण विचारतो, "तात्यानू, कोल्हापूर कसा आसा?" एकेकाला सांगत बसलो तर भरतीची ओहोटी होते. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून काढतो. ज्याला वाचता येतं त्याने इतरांना वाचून दाखवावं.

लेक आनंदी घाटावर कशी दिली गेली ते गावाला ठाऊक आहे. तिचे सासरे गुळाच्या गाड्या घेऊन खाली यायचे आणि भरतीची वाट पाहत आमच्या ओटीवर टेकायचे. माझा मुलगा मुंबईला गोदीत; त्यामुळे मी ताप येऊन पडलो की होडी आनंदीच हाकायची. अशाच एका दिवशी तिने त्यांना पलीकडे सोडलं. पुढच्या खेपेला त्यांनी मुलाकरता तिला मागणी घातली. लग्न झालं आणि वर्षभरात ते वारले. लेकीचं घर मी पाहिलेलं नव्हतं. नवरात्रात होडी पुतण्याच्या हवाली केली, सुक्या बांगड्यांचं गाठोडं बांधलं आणि निघालो.

फोंडा घाट

घाटाचं वर्णन करायला मी कवी नाही. बैलगाडी वर चढत होती आणि मी दोन्ही हातांनी तिची कड धरून बसलो होतो, एवढं सांगतो. अर्ध्या चढावर चाक एका दगडावरून घसरलं, गाडी कलली आणि मी उडी मारली. होडीतून उडी मारायची सवय; पाणी पायाला झेलतं, घाट झेलत नाही. उजव्या हातावर पडलो. मनगट बघता बघता टम्म सुजलं. गाडीवानाने कसलासा पाला चेचून बांधला आणि म्हणाला, "पावणं, हाड मोडलं न्हाई. मोडलं असतं तर एवढ्यात बोंबलला असता."

वर दाजीपूरचं रान लागलं. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर गवे उभे होते, काळे, ओल्या कातळासारखे. बैल थांबले, आम्ही थांबलो, गव्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही काही कामाचे नाही असं ठरवून ते आत निघून गेले.

राधानगरी

इथे धरणाचं काम चाललेलं पाहिलं. मी पाण्याचा माणूस. पाण्याची मर्जी सांभाळायची, त्याच्या वेळा पाळायच्या, एवढंच मला माहीत. आणि इथे डोंगराच्या तोंडात दगडावर दगड चढवून माणसं भोगावतीला सांगत होती, थांब. किती तरी वेळ मी नुसता बघत उभा राहिलो. एक पाथरवट घाम पुसत जवळ आला.

"कोकणातनं आलासा?"

"हो."

"तुमच्याकडं हाय का असलं?"

"आमच्याकडे समुद्र आहे," मी म्हणालो.

"त्यो आयताच मिळालाय की तुमास्नी!" तो म्हणाला आणि हसत कामाला गेला. या मुलखात पहिल्याच माणसाशी बोलताना हरलो, आणि पुढेही पुष्कळदा हरलो. पण बोचलं नाही. इथला माणूस महाराजांचं धरण, महाराजांचे हत्ती, महाराजांच्या शाळा असं सांगतो, तेव्हा ते सगळं त्याच्या स्वतःच्या परसात असल्यासारखं सांगतो. अभिमान कसा करावा हे यांच्याकडून शिकावं.

लेकीच्या गावी

राधानगरीहून कोल्हापूरचा रस्ता नदीच्या कडेकडेने जातो. लेकीचं गाव नदीपलीकडे. अलीकडच्या काठावर महादेवाचं दगडी देऊळ, त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात, आणि तिथून नाव सुटते. नाव चांगली होती, पण नावाडी ती सरळ नेत नव्हता. म्हटलं, परक्याच्या चुलीत फुंकर घालू नये.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. धिप्पाड बाई, आवाज असा की पलीकडच्या शेतातला गडी वळून बघतो. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मनगटाकडे बघून हळहळल्या आणि मग गाठोड्याकडे बघून नाक मुरडलं.

"पावणं, ह्यात काय मेलंय?"

"सुके बांगडे," मी म्हणालो.

"आत्ता गं बया! माझं नवरात्र बसलंय." गाठोडं गेलं परसातल्या कडुलिंबाच्या शेंड्याला. दसऱ्यापर्यंत ते तिथे होतं, आणि गावातली यच्चयावत मांजरं त्या झाडाखाली होती.

आपल्याकडे पाहुण्याला आधी शहाळं, मग गप्पा. इथे म्हैस दारात उभी करून तिथल्या तिथे धार काढतात आणि फेसाचा तांब्या हातात देतात. पुरा रिकामा केल्याशिवाय सुटका नाही. भाकरी म्हणजे चंद्र, आणि तिच्याबरोबर मिरचीचा खर्डा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जावई शामराव काळजीने म्हणाले, "लेकीला बघून रडू आलं जनू." मी मान हलवली.

आनंदी मात्र बदलली होती. रंगरूप नाही, बोलणं. सासूशी, नवऱ्याशी फाडफाड घाटावरचं बोलायची. माझ्याजवळ आली की पुन्हा आपली भाषा. परसात भांडी घासताना मी विचारलं, "नदी बरी आसा मगे? जवळच आसा."

ती हसली. "बाबा, दोन वर्सां झाली. पाण्यात हात घालतंय तो धुण्याक."

विहीणबाईंना तिच्या हातातल्या वल्ह्याची काहीच कल्पना नव्हती. इथल्या बायका नावेत बसल्या की पदर डोक्यावरून ओढून डोळे मिटतात. आनंदीही तसंच करायला शिकली होती.

पारावरचं कोडं

अष्टमीला संध्याकाळी घरासमोरच्या पारावर माणसं जमली. त्यात दस्तगीरभाई होते, महाराजांच्या चित्तेखान्यातले चित्तेवान. शिकारीसाठी माणसाळवलेल्या चित्त्याची सगळी देखभाल यांच्याकडे. दसऱ्याच्या मिरवणुकीआधी चित्त्याचे पाय मोकळे व्हावेत म्हणून ते त्याला या बाजूच्या माळावर घेऊन आले होते आणि परतीच्या वाटेवर गावात मुक्काम होता. चित्ता, खरं तर मादी, नाव राणी, त्यांच्या गाडीवर बसून होती. डोळ्यांवर चामड्याची टोपी. मी आयुष्यात असलं जनावर इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. आपल्या मांजरीसारखी घुरघुरत होती.

मी नावाडी आहे असं शामरावांनी सांगितल्यावर सगळे म्हणाले, काही तरी सांगा. मी माझं नेहमीचं कोडं काढलं. तुम्हाला सगळ्यांना ते मी घातलेलं आहेच. एका माणसाकडे वाघ, शेळी आणि गवताचा भारा. नदी ओलांडायची आहे. होडीत माणसाबरोबर एकच काय ते मावतं. मागे वाघ नि शेळी राहिली तर वाघ शेळीला खातो. शेळी नि गवत राहिलं तर शेळी गवत खाते. कसं न्यावं? आपल्याकडे हे कोडं घातलं की माणसं काठ येईपर्यंत गप्प बसून विचार करतात. होडी डुलत नाही, मला बरं पडतं.

इथे माझं वाक्य पुरं झालं नाही तोच एक जण म्हणाला, "वाघ कशापायी पाळलाय त्यानं?"

"पाळला असंल. पर बाजारला घिऊन चाललाय व्हय?"

"शेळीला दावं न्हाई काय?"

"भारा डोस्क्यावर घ्यायचा की. हात मोडल्यात का त्याचं?"

"होडी कशाला लागती? आमच्या गावाच्या वरल्या अंगाला उतार हाय. चालत जातंय की माणूस."

मी सांगू लागलो की उतार नाही, दावं नाही, असं समजायचं. "का समजायचं?" असा सवाल आला. दारातून विहीणबाईंचा आवाज आला, "त्या माणसाला बायकू न्हाई काय? एकानं हिकडं बसायचं, एकानं तकडं. मिटलं!"

दस्तगीरभाई शांतपणे म्हणाले, "वाघाचं मला ठावं न्हाई, पावणं. चित्ता असंल तर तुमचं कोडं उलटं हाय. आमची राणी हरणामागं वाऱ्यागत जाती, पर अंगावर येणाऱ्याला भिती. हाडं नाजूक असत्यात. मारक्या एडक्याची एक टक्कर बसली तर बरगडी गेली."

हे ऐकल्यासारखं गोठ्यातून धाडकन आवाज आला. तो शामरावांचा सरदार. दसऱ्याच्या टकरीसाठी वर्षभर हरभरा चारून वाढवलेला एडका, वळणदार शिंगांचा मेंढा; गोठा तोलून धरणाऱ्या मेढीला टकरा देऊन देऊन त्याने ती तिरपी केली होती. चित्त्याचा वास लागल्यापासून तो पिसाळलाच होता.

सगळे हसले आणि बोलणं कुस्त्यांवर गेलं. कोड्याचं उत्तर कोणी विचारलंच नाही. असे लोक मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

काहील

खंडेनवमीला सकाळी उठलो तर नदी वेगळीच होती. वरच्या रानात परतीचा पाऊस कोसळला होता. पाणी तांबडं, वर फांद्या आणि फेस. नावेचा दोर रात्रीच तुटला होता आणि नाव कुठे गेली ते नदीलाच ठाऊक. काठावर अर्धा गाव. दुसऱ्या दिवशी दसरा. शामरावांना सरदाराला घेऊन कोल्हापूर गाठायचं होतं, विहीणबाईंना मळ्यातल्या झेंडूच्या दोन पाट्या अंबाबाईला वाहायच्या होत्या, त्यांचा दरसालचा नेम. आणि दस्तगीरभाई राणीची साखळी धरून एका बाजूला उभे. चेहरा उतरलेला.

"म्हाराज मला काय बोलायचं न्हाईत," ते मला म्हणाले. "पूर हाय, त्यास्नी कळतंय. पर आज्ज्यापास्नं चित्तं आमच्या घराण्याकडं. दसऱ्याला आमची गाडी मोकळी कधी गेलेली न्हाई. माझ्या हयातीत जाणार व्हय?"

मला ते आतून समजलं. माझ्या बापाच्या वेळेपासून आमची होडी एका दिवसासाठीही बंद राहिलेली नाही.

तेवढ्यात चार-पाच गडी गुऱ्हाळावरून काहील घेऊन आले. उसाचा रस कढवायची लोखंडी कढई, पण केवढी! तीत बैठक मारून माणसं बसतील. पुराच्या दिवसांत इथे हीच होडी. मी चाट पडलो. तिला पुढची नाळ नाही, मागची वरवंडी नाही. पुढं कुठलं आणि मागं कुठलं तेच कळत नाही. गूळ कढवायचं भांडं घेऊन पुरात उतरायला छाती लागते. पण ही काहील त्यातल्या त्यात लहान घाण्यावरची होती. अशा पाण्यात हाकणारा आणि एकाचं ओझं, त्याहून जास्त नको असं सगळ्यांचं मत पडलं.

नेहमी काहील हाकणारा गडी आधीच कोल्हापूरला गेलेला. शामराव बसले. दोन हात वल्हं मारलं आणि काहील जात्यासारखी गरगर फिरू लागली. फिरत फिरत खाली वाहिली आणि आपल्याच काठाच्या बाभळीत अडकली. मग तालमीतला एक पैलवान उतरला. त्याचा जोर जास्त, म्हणून काहील जास्त फिरली. तो बाहेर आला तेव्हा त्याला सरळ उभं राहवेना. लोक हसले, पण काहिलीजवळ जायला आता कोणी पुढे होईना.

माझा हात फडक्यात बांधलेला. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं की समोर पाणी आहे, माणसं खोळंबली आहेत आणि मी नुसता उभा आहे. तेवढ्यात आनंदी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, गोल भांड्याक कूस नाय. कुशीतसून वल्हवला तर फिरतलाच. फुडसून ओढूक व्हया."

मीही तेच ताडलं होतं, पण तिच्यानंतर.

"आणि वर जावन सुटाक व्हया," ती म्हणाली. "मी जातंय."

हे शेवटचं ती जरा मोठ्याने बोलली. विहीणबाईंनी ऐकलं.

"कुठं जातीस?"

"काईल घिऊन, आत्याबाई."

"खुळी का काय? बाईमाणसानं काईल मारायची? लोकं तोंडात शेण घालतील." मग त्या माझ्याकडे वळल्या. सगळा काठ ऐकत होता. पण त्यांचा आवाज एकाएकी खाली आला; इतका हळू त्या बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं. "पावणं, खरं सांगा. तुमची लेक हाय, तशी माझीबी हाय. हिला येतंय का? आमचं मालक म्हणायचं, पोरगी पाण्याची हाय. मला वाटलं, पाण्यागत थंड हाय म्हणत्यात."

मी नदीकडे पाहिलं. आपल्या खाडीचं पाणी सहा तासांनी मागे फिरतं. हे फिरणारं नव्हतं. हो म्हणालो आणि काही झालं तर? नाही म्हणालो तर? आनंदी माझ्याकडे बघतच नव्हती. ती पाण्याकडे बघत होती, मी बघतो तशी, ओढ कुठे आहे आणि भोवरा कुठे, ते वाचत.

"विहीणबाई," मी म्हणालो, "भर भरतीला तिच्याइतकी सरळ होडी मला नेता येत नाही."

विहीणबाईंनी एकदा नदीकडे पाहिलं. मग सुनेकडे बघून गरजल्या, "मग बघतीस काय? पदर खोच!"

पलीकडे

आनंदीने गड्यांना काहील खांद्यावर घेऊन वर, पलीकडच्या देवळाच्या पुष्कळ वरच्या अंगाला न्यायला लावली. नदीला हळदकुंकू वाहिलं. मग पुढच्या कडेशी गुडघे टेकून बसली. दस्तगीरभाई अंगाने किरकोळ; ते आणि राणी मिळून एकाचं ओझं. त्यांनी चित्त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आनंदी म्हणाली, "भाई, डोळं मिटलं तरी चालंल, पर हलायचं न्हाई."

आणि सुटली.

वल्हं ती समोर बुडवून स्वतःकडे ओढत होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काहील थोडी डुलायची, पण फिरायची नाही. प्रवाह तिला खाली नेत होता आणि ती त्याला नेऊ देत होती. तेवढंच पुढे सरकत होती. माझा बांधलेला हात फडक्यात आपोआप ओढला जात होता. मध्यावर वरून एक उपटलेलं झाड आलं. काठावरच्या बायकांनी किंकाळी फोडली. आनंदीने वल्हं एका बाजूला खुपसलं. काहील एकदाच गर्रकन फिरली, झाड तिच्या अंगावरून घसरल्यासारखं पुढे निघून गेलं, आणि वल्हं पुन्हा समोर. ज्या फिरण्याने दोन गड्यांना हरवलं होतं त्याच फिरण्याचा तिने उपयोग करून घेतला. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. हे कोणीच शिकवलेलं नव्हतं.

काहील देवळाच्या पायऱ्यांना लागली, अगदी नाव लागते तिथेच. काठावर जो ओरडा झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. पैलवानाने डोक्याचा पटका काढून उडवला.

ती परत आली ती खालच्या अंगाला लागली; गड्यांनी काहील पुन्हा वर नेली, तिने दम खाल्ला, तोवर विहीणबाई दोन्ही पाट्या घेऊन तयार.

"म्हातारे, आधी गडी जाऊंदेत," कोणी तरी म्हणालं.

"गडी मगा गेलतं की, फिरून फिरून!" असं म्हणून त्या काहिलीत बसल्या. डोळे मिटले नाहीत. पलीकडे पोचेपर्यंत ताठ बसून काठावरच्या बायकांकडे बघत होत्या, मेण्यात बसल्यासारख्या.

मग मी. मध्यावर आनंदीने मागे न बघता विचारलं, "हात दुखता?"

"नाय," मी म्हणालो. तिच्या पाठीवरचा घाम बघत बसलो.

पलीकडे दस्तगीरभाई राणीला घेऊन देवळाच्या सभामंडपात बसले होते. त्यांची गाडी गावातच राहिलेली, म्हणून रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर त्यांनी कोल्हापूरला निरोप धाडला होता, पण दरबारची गाडी अजून यायची होती. मंडपाला दार नाही. विहीणबाई पायरीवर पाट्या ठेवून विसावल्या. आणि आम्ही पाहिलं तो पलीकडून, पाणी जरा ओसरलं म्हणून असेल, आनंदी शामरावांना आणि सरदाराला एकदमच घेऊन निघाली होती.

दस्तगीरभाई ताडकन उभे राहिले. "एडका? हिकडं? आवं, थांबवा त्यास्नी!"

मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात काय ऐकू जाणार? विहीणबाईंनी एकदा चित्त्याकडे पाहिलं, एकदा एडक्याकडे, एकदा आपल्या झेंडूकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पावणं, तुमचं कोडं आलं की नदी वलांडून!"

सरदाराचे पाय बांधले होते, तोवर ठीक होतं. पायऱ्यांना लागताच त्याला वास आला आणि तो असा उसळला की काहील कलली, पाणी आत आलं. आता बुडणार म्हणून शामरावांनी घाईने त्याचे पाय सोडले आणि गळ्यातलं दावं धरून त्याला पायरीवर ढकललं. आनंदी दोन्ही हातांनी पायरीची कड धरून काहील थोपवत होती. दावं ओलं, शामरावांच्या हातातून सटकलं. सरदाराने मान खाली घातली आणि वर सुटला.

राणी मागे सरून खांबाला चिकटली. जिला बघून आख्खा गाव चार हात लांब उभा राहायचा, ती थरथरत होती. दस्तगीरभाई तिच्यावर आडवे पडले, स्वतःची पाठ एडक्याकडे करून. मी एका हाताचा माणूस काय करणार? तरी पुढे झालो.

माझ्याआधी विहीणबाई उठल्या. त्यांनी झेंडूची पाटी उचलली आणि सरदाराच्या तोंडासमोर पायऱ्यांवर उपडी केली.

सगळ्या पायऱ्या केशरी झाल्या. सरदार फुलांत घोट्यापर्यंत रुतला, थांबला, हुंगलं. एक फूल खाल्लं. मग दुसरं. टक्कर, चित्ता, वर्षभराची तालीम सगळं विसरून तो आवाज करत झेंडू खाऊ लागला.

"खा, मुडद्या, खा!" विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अंबाबाईचं हाय त्ये!"

शामरावांनी येऊन त्याला खांबाला बांधलं. दस्तगीरभाई उठले, राणीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, आणि विहीणबाईंसमोर हात जोडले. "आई, तुमचा नेम मोडला."

"कशानं मोडतोय? आईचं वाहन वाघ हाय, आन ही त्याच्या भावकीतली. एक पाटी वाहनाला, एक आईला. हिशोब सरळ हाय."

आणि मग आम्ही सगळे हसलो. आनंदी काहिलीत बसूनच हसत होती, केस विस्कटलेले, हाताला फोड आलेले. दरबारची गाडी आली तेव्हा गाडीवानाला वाटलं आम्ही सगळे नवमीलाच भांग प्यालो आहोत.

कोल्हापूर

शहराबद्दल पुष्कळ लिहिता येईल. रंकाळा पाहिला, तळं म्हणतात, पण मला ते दार लावलेल्या खाडीसारखं वाटलं. अंबाबाईच्या देवळात उरलेली पाटी वाहिली. तिथल्या गर्दीत माझी एक वहाण हरवली आणि दुसरी घेऊन मी दिवसभर फिरलो, का ते विचारू नका. टकरी झाल्या. सरदाराला समोर सोडला तेव्हा त्याने प्रतिस्पर्ध्याकडे एकदा पाहिलं, ढेकर दिल्यासारखं केलं आणि खाली बसला. गाववाले म्हणाले, "झेंडू खाऊन साधू झालंय बेनं." शामरावांनी आधी कपाळावर हात मारला, मग त्यांनाच हसू आलं.

दुपार कलल्यावर सोनं लुटायच्या माळाकडे स्वारी निघाली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. आधी नगारा, मग हत्ती, झुली घातलेले, चालताना जमीन जाणवायची. घोडे. महाराजांची स्वारी गेली तेव्हा माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याने हात उंचावून असा जयजयकार केला की माझ्याही तोंडून आवाज निघून गेला. मी तर त्यांच्या रयतेतलाही नाही. आणि मग चित्त्यांच्या गाड्या. राणी गाडीवर बसली होती, अंगावर रेशमी झूल, मान वर. शेजारी दस्तगीरभाई, डोक्याला नवा फेटा, नजर समोर, दरबारी शिस्तीत.

आमच्यासमोर आल्यावर त्यांची नजर वळली. आनंदी दिसली. चालत्या गाडीत ते उठून उभे राहिले आणि तिला लवून मुजरा केला.

आजूबाजूच्या सगळ्या माना फिरल्या. दरबारच्या चित्तेवानाने मुजरा केला, आणि तो कुणाला, तर एका कुणब्याच्या सुनेला! आनंदीने गोंधळून पदर पुढे ओढला. ओढताना हाताचे फोड दिसले. आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका शेठाणीने विहीणबाईंना विचारलं, "कोण हो ही?"

"काल भोगावतीच्या पुरातनं दरबारचा चित्ता काढला हिनं. काईल मारून," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. हत्तीनेही ऐकलं असेल.

"अगं बाई! कुणाची लेक म्हणायची ही?"

विहीणबाईंनी छाती पुढे काढली.

"माझी!"

मी त्यांच्या मागेच उभा होतो, एक वहाण हातात घेऊन मान डोलावत.